वळिवड्याचा कॅम्प

आमच्या करवीर तालुक्यात कुणाच्या घरी लगीन ठरलं की बस्ता बांधायला लोक गांधीनगरला जातात. नुसते करवीरचे नव्हेत, पार सीमाभागातून आणि कोकणातून माणसं येतात. साड्यांची, शर्टपीसची, चादरींची दुकानं इतकी दाटीवाटीनं उभी आहेत, की नवखा माणूस दुपारपर्यंत बाहेरचा रस्ता शोधत बसतो. आमची जुनी माणसं मात्र या गावाला गांधीनगर म्हणत नसत. ती म्हणायची ‘कॅम्प’. “कॅम्पात जाऊन येतो,” असं माझा आजा शेवटपर्यंत म्हणत होता. हा कॅम्प कुणाचा, कशासाठी, हे हल्लीच्या पोरांना ठाऊक नाही. काहींना वाटतं मिलिटरीचा असेल. म्हणून जेवढं घरात ऐकलं आणि पुढं वाचून ताडून पाहिलं, तेवढं इथं मांडतो. एकाच माळावर दोन देशांतून उठलेली माणसं पाठोपाठ येऊन राहिली, आणि दोघांच्या वाट्याला वेगवेगळा न्याय आला. त्यातून सरकार आणि समाज परक्याशी कसा वागतो हे जेवढं समजतं, तेवढं दुसऱ्या कशातून समजेलसं मला वाटत नाही.

पहिले आले ते पोलंडचे लोक.

पोलंड म्हणजे युरोपातला देश. 1 सप्टेंबर 1939 ला पश्चिमेकडून जर्मनी त्याच्यावर चालून गेला आणि 17 सप्टेंबरला पूर्वेकडून रशिया घुसला. दोन बैलांच्या झुंजीत बांध मोडावा तसं झालं. रशियाच्या ताब्यात जो भाग गेला, तिथल्या लाखो लोकांना 1940 आणि 1941 साली घरातून उठवलं, मालगाडीच्या डब्यात कोंबलं आणि सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. त्यांचा गुन्हा एवढाच, की कुणाचा बाप फौजेत होता, कुणाचा भाऊ सरकारी नोकर होता, कुणाचं थोडं रान होतं. थंडीनं आणि उपासमारीनं माणसं मेली. जून 1941 मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला पोलिश फौजेची गरज लागली. मग लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या सरकारशी करार झाला आणि या कैद्यांना सोडण्यात आलं. 1942 साली लाखाच्या वर माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. त्यात सैनिक होते, पण त्यांच्या मागं बायका, म्हातारी माणसं आणि अनाथ पोरंही होती. पुरुष फौजेत गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठं?

जगात त्या वेळी जागा द्यायला फार थोडे तयार होते. आपल्याकडं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढं आले आणि 1942 साली जामनगरजवळ बालाचडीला शेकडो अनाथ पोरांची सोय केली. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथं या जामसाहेबांच्या आठवणीचा चौक आहे. आणि 1943 साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठाजवळ, वळिवड्याच्या माळावर मोठी वसाहत उभी राहिली. तिथं जवळपास पाच हजार माणसं होती. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अज्ञान छत्रपती होते. माळ मोकळा, रेल्वे जवळ, पाणी जवळ, आणि आमची हवा ना फार उष्ण ना फार थंड. म्हणून ही जागा निवडली असं सांगतात. अंगात जीव नसलेल्यांना आणि छातीच्या रोग्यांना पाचगणीच्या हवेला ठेवत.

आमचं गाव तिथून दोन कोसांवर. माझे वडील त्या वेळी बारा-तेरा वर्षांचे. आजा दोन म्हशींचं दूध आणि मोसमाप्रमाणं वांगी, कोबी, बटाटा घेऊन कॅम्पावर जायचा आणि वडील त्याच्या मागं टोपली घेऊन पळायचे. वडील सांगायचे, “लांबच्या लांब बराकी हुत्या, वर कौलं. एकेका घराला दोन खोल्या आन् फुडं सोपा. त्या बायकांनी सोप्याफुडं फुलझाडं लावलेली. आपल्यात कोण लावत हुतं तवा दारात फुलं? तुळशीबिगर काय नसायचं.” कॅम्पात शाळा होती, दवाखाना होता, त्यांचं देऊळ म्हणजे चर्च होतं, नाटकाचा रंगमंच होता. पोरं खाकी घालून स्काऊटची कवायत करायची. सैबेरियात ज्यांची मुलं उपाशी मेली त्या बायांनी पहिल्या काही महिन्यांत शाळा उभी केली, याचं माझ्या आज्याला भारी नवल वाटायचं. त्या वेळी आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती, तीही मारुतीच्या देवळात.

भाषेचा प्रश्न बाजारात फार दिवस टिकत नाही. महिना-दोन महिन्यांत त्या बाया ‘दूध’, ‘अंडी’, ‘किती’, ‘लई म्हाग’ एवढं शिकल्या. आज्यानं त्यांचे आकडे शिकून घेतले. पहिल्यांदा गावात कुजबूज झाली. गोऱ्या कातडीचा माणूस म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे घोड्यावर, एवढंच गावाला ठाऊक. ही गोरी माणसं हातात पिशवी घेऊन पायी येतात, घासाघीस करतात, स्वतःचं धुणं स्वतः धुतात, हे बघून लोकांचा गोंधळ झाला. माझी आजी एकदा भाजीबरोबर गेली. परत आल्यावर म्हणाली, “त्या बाईचं दोन ल्याक थंडीत गेलं. रडली माझ्याम्होरं. काय बोलली ते कळलं न्हाई, पर रडनं कळलं.” त्यानंतर आमच्या घरात त्यांना कुणी ‘गोरी’ म्हणालं नाही. ‘पोलंडवाली’ म्हणायचे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण नुसतं गोड सांगितलं तर तो इतिहास होत नाही. ते साल 1943 होतं. त्याच सालात बंगालात दुष्काळ पडून लाखो माणसं अन्नावाचून मेली. आमच्याकडंही धान्याची टंचाई होती. एकाच इंग्रजाच्या राज्यात एका कोपऱ्यात परदेशी माणसांना रोजचं दूध मिळत होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात रयत रस्त्यावर मरत होती. याचा दोष त्या पोलिश बायांचा मुळीच नव्हता. त्यांचा खर्च लंडनमधलं त्यांचं सरकार इंग्रजाकडून कर्ज घेऊन भागवत होतं. म्हणजे त्यांच्या डोक्यावर कुणाचं तरी सरकार होतं, कुणीतरी त्यांच्या नावानं कागदावर सही करत होतं. बंगालच्या रयतेच्या नावानं सही करणारं कुणी नव्हतं. माणूस तगतो की मरतो हे पुष्कळदा अशा सहीवर ठरतं.

ही सही पोलंडवाल्यांचीही पुढं गेली. 1945 साली लढाई संपली, पोलंड रशियाच्या पंखाखाली गेला आणि जुलैत इंग्रजानं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. एका रात्रीत वळिवड्याच्या पाच हजार माणसांचं सरकारच नाहीसं झालं. ज्या गावांतून ती उठली, त्यातली बहुतेक गावं आता रशियाच्या हद्दीत. घरी जावं तर घर परक्या मुलखात, आणि नव्या पोलंडात जावं तर ज्यानं सैबेरियाला पाठवलं त्याचीच तिथं सत्ता. पुढं 1947 साली इंग्लंडनं कायदा करून आपल्या बाजूनं लढलेल्या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना वसवून घेतलं. बरीच माणसं तिकडं गेली. कुणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, कुणी आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावणीत, थोडे पोलंडला परतले. 1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला.

आपल्याकडं कुणी राहिलं नाही म्हणायला हरकत नाही. एखाद्या मुलीनं इथल्या माणसाशी लग्न करून कोल्हापुरात संसार थाटला, एवढंच. पाच वर्षं आमच्या माळावर राहूनही ही माणसं कायद्यानं पाहुणीच होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशापुढं स्वतःचेच लोंढे उभे होते. ‘राहा’ असंही कुणी म्हणालं नाही आणि ‘जा’ म्हणून हाकललंही नाही. निघताना आज्याच्या ओळखीच्या बाईनं दुधाचा शेवटचा हिशेब आण्यापर्यंत चुकता केला आणि वर एक कशिदा काढलेला रुमाल दिला. तो आजीच्या पेटीत बरीच वर्षं होता, पुढं कसरीनं खाल्ला.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली आणि सिंधातून हिंदू माणसं कराचीच्या बंदरातून बोटीनं, रेल्वेनं निघाली. पंजाब आणि बंगाल अर्धे अर्धे वाटले गेले, तिकडच्या निर्वासिताला निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत इकडं मिळाला. सिंध सगळाच्या सगळा पलीकडं राहिला. सिंध्याला भाषेचं गाव म्हणून जायला जागाच नव्हती. लष्करानं सोडलेल्या छावण्यांत त्यांना ठेवण्यात आलं. कल्याणजवळच्या छावणीचं पुढं उल्हासनगर झालं आणि वळिवड्याच्या कॅम्पाचं गांधीनगर. पोलंडवाल्यांनी दारात लावलेली झाडं सिंधी बायांनी पाणी घालून जगवली, असं वडील सांगत.

आता दोघांतला फरक बघा. बराक तीच, कौलं तीच, खोल्या तेवढ्याच. पण सिंधी माणूस या देशाचा नागरिक ठरला. राज्यघटनेतलं सहावं कलम यासाठीच आहे. ज्याचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आज्या-आजीचा जन्म अखंड हिंदुस्थानातला, तो 19 जुलै 1948 च्या आधी पाकिस्तानातून इकडं येऊन राहिला असेल तर नागरिक. त्या तारखेनंतर आला असेल तर सहा महिने राहून अधिकाऱ्याकडं नोंद करायची. पुढं 1954 साली विस्थापितांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला. जे मुसलमान इकडची घरंदारं सोडून पाकिस्तानात गेले, त्यांची मालमत्ता सरकारनं ताब्यात घेतली आणि पलीकडं मालमत्ता गमावलेल्यांना त्यातून मोबदला दिला. ज्याचं गेलं त्याला पूर्ण मिळालं असं नाही, आणि ज्याचं इकडं घेतलं त्यातलं कुणी पुष्कळदा नाइलाजानंच गेलेलं होतं. तरीही सरकारनं ‘तू आमचा आहेस आणि तुझं गेलं ते आम्ही मोजतो’ एवढं कागदावर लिहून दिलं. त्या एका वाक्याच्या जोरावर माणसाला दुकानाचा परवाना मिळतो, बँकेत खातं उघडतं, पोराला शाळेत घालता येतं आणि मत देता येतं. कॅम्पाची बाजारपेठ झाली ती यामुळं. सिंध्याची मेहनत आहेच, पण पोलंडवाले काय कमी कष्टाळू होते? त्यांना मुदत होती, यांना नव्हती.

समाजानं मात्र कायद्याइतक्या लवकर दार उघडलं नाही. कोल्हापूर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये मुंबई इलाख्यात विलीन झालं. मुलूख आधीच चाचपडत होता, त्यात ही नवी माणसं. “निर्वासित आले, धंदा खाल्ला,” असं पेठेतले व्यापारी म्हणायचे. सिंधी माणूस पाठीवर कापडाचा गठ्ठा टाकून खेडोपाडी फिरायचा, कमी नफ्यावर विकायचा आणि सुगीवर पैसे द्या म्हणायचा. उधारीवर लुगडं मिळतंय म्हटल्यावर आमच्या बायाबापड्या खूश. वाणी-सावकार नाखूश. गावातल्या पोरांनी ‘निर्वासित’ हा शब्द शिवीसारखा वापरायला सुरुवात केली. कुणी भांडणात चुकार वागला तर “निर्वासितागत करू नको,” म्हणायचे. माझ्या लहानपणी हे मी कानानं ऐकलंय. आमच्या गावात यायचा तो गठ्ठेवाला एकदा आज्याला म्हणाला, “पाटील, आम्ही निर्वासित नाही, पुरुषार्थी आहोत.” आज्याला त्याचा अर्थ कळला नाही. वडिलांनी सांगितला. त्यानंतर आज्यानं त्याला ‘शेट’ म्हणायला सुरुवात केली. आज त्याच्यासारख्यांच्या नातवंडांची दुकानं आहेत आणि ती आमच्याशी अस्सल कोल्हापुरी बोलतात. याला तीन पिढ्या लागल्या. कायदा एका तारखेला लागू होतो, गावाच्या तोंडातली शिवी जायला मात्र पन्नास वर्षं लागतात.

मी सातवीला जायच्या सुमारास 1971 चं साल आलं. पूर्व पाकिस्तानात लष्करानं कत्तली केल्या आणि जवळजवळ 1 कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडं आली. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि तिथं चौदा लाखांवर निर्वासित. घरात जेवढी माणसं तेवढेच पाहुणे, असा प्रकार. देश त्या वेळी गरीब होता. सरकारनं टपालावर पाच पैशांचा कर बसवला. 15 नोव्हेंबर 1971 पासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट डकवावं लागे. कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं छापलेली असायची. मार्च 1973 पर्यंत हे चाललं. मुंबईत गिरणीला असलेल्या चुलत्याची पत्रं यायची त्यावर ही तिकिटं असत, म्हणून मला पक्कं आठवतं. वडील म्हणायचे, “पाच पैशात कुणाच्या तोंडात घास जातोय, जाऊ दे.” गावातला एकजण म्हणायचा, “आपल्याच ज्वारीचं हाल आन् त्येंला कशाला?” त्या सालांत महाराष्ट्रात पाऊस पडत नव्हता, 1972 चा दुष्काळ दारात होता, त्यामुळं त्याचंही बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

त्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनोबिस यांच्याकडची सलाईनं संपत आली. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मरणाचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पुढं साऱ्या जगानं ही रीत उचलली. आज आपल्या घरात पोराला जुलाब लागले की आपण मीठ-साखरेचं पाणी पाजतो, त्याचा मोठा पुरावा निर्वासितांच्या छावणीत सापडलेला आहे. निर्वासित नुसते घेतात, देत काहीच नाहीत, असं म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

या 1 कोटी माणसांना सरकारनं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, की तुम्ही पाहुणे आहात. खायला घालू, औषध देऊ, पण तुमचा देश मोकळा झाला की परत जायचं. बांगलादेश झाला आणि 1972 च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत बहुतेक माणसं परतली. जी राहिली त्यांच्यावरून आसामात पुढं वर्षानुवर्षं आंदोलन पेटलं. 1985 साली करार झाला आणि 24 मार्च 1971 ही तारीख रेघ म्हणून ठरली. रेघ मारायला चौदा वर्षं लागली. तोवर किती संसार रेघेवरच लोंबकळले असतील?

तुम्ही विचाराल, मग आपल्या देशात निर्वासितांचा कायदा काय आहे? तर उत्तर असं, की खास असा कायदाच नाही. जगातल्या पुष्कळ देशांनी 1951 साली निर्वासितांबाबत एक करार केला, 1967 साली त्याला जोड दिली. भारतानं दोन्हींवर सही केलेली नाही. आपल्याकडं 1946 चा परकीय नागरिकांचा कायदा होता. 2025 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. या कायद्यांच्या नजरेत माणूस दोनच जातींचा, नागरिक किंवा परका. जीव वाचवायला पळून आलेला आणि व्हिसा संपूनही मजेत राहिलेला, दोघं एकाच रकान्यात. त्यामुळं कुणाला काय वागणूक द्यायची हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं. तिबेटी लोकांना जमिनी दिल्या. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला 1972 पासून त्यांची वसाहत आहे, तिथं ते भात पिकवतात. थंडीत गावोगावी स्वेटर विकायला जे येतात, त्यांच्याकडं नोंदणीचं पुस्तक असतं आणि ते मुदतीनं नवं करून घ्यावं लागतं. पन्नास वर्षं शेती केली तरी पुस्तक नवं करायचं ते करायचंच. 2019 साली नागरिकत्वाच्या कायद्यात बदल झाला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 2014 अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना वाट मोकळी झाली. मुसलमान त्यात नाहीत, यावर देशभर वाद झाला. न्यायालयात तो गेला. त्यात मी इथं शिरत नाही. पण एका गटाला कायद्यानं वाट आणि दुसऱ्याला सरकारच्या मर्जीवर, असं किती दिवस चालवायचं, हा प्रश्न माझ्यासारख्या अडाण्यालाही पडतो.

सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली एक निकाल दिला, तो मला शेतकरी म्हणून फार जवळचा वाटतो. चकमा नावाचे लोक. आजच्या बांगलादेशातल्या डोंगरात कप्ताईचं धरण झालं, त्यांची भातशेती पाण्यात गेली. त्यात धर्माचा छळ. 1964 च्या सुमारास ते भारतात आले आणि सरकारनं त्यांना आजच्या अरुणाचलात वसवलं. तीस वर्षांनी तिथल्या काही संघटनांनी ‘अमुक तारखेपर्यंत चालते व्हा’ अशी धमकी दिली. प्रकरण दिल्लीला गेलं. न्यायालय म्हणालं, की जगण्याचा हक्क नागरिकालाच आहे असं नाही, माणसाला आहे. राज्यानं त्यांचं रक्षण केलंच पाहिजे, आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज दाबून ठेवू नयेत. धरणानं उठवलेला माणूस सीमा ओलांडून गेला की निर्वासित होतो आणि देशातच राहिला की धरणग्रस्त. आमच्या जिल्ह्यानं धरणग्रस्त पुष्कळ बघितलेत. नागरिक असून, सातबारा असून, 1976 पासून पुनर्वसनाचा कायदा असून, त्यातल्या कित्येकांनी पर्यायी जमिनीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, त्याचे हाल किती असतील ते त्यावरून ओळखावं.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका गुऱ्हाळावर बंगाली बोलणारे पाच-सहा मजूर आले होते. गावातली काही पोरं रात्री तिथं गेली आणि “कागद दाखवा, तुम्ही बांगलादेशी आहात,” म्हणाली. मजुरांनी आधार कार्डं काढली, एकानं मतदानाचं कार्ड काढलं. मुर्शिदाबादचे निघाले, म्हणजे आपल्याच देशाचे. पोरं परत आली. मारहाण झाली नाही, पण मजूर चार दिवसांत निघून गेले, आणि गुऱ्हाळवाल्याच्या फडातला ऊस वाळत पडला. कुणी चोरून आला असेल तर त्याला हुडकायला सरकार आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. त्याला पद्धत आहे, अपील आहे. रात्री हातात बॅटऱ्या घेऊन गेलेल्या पोरांकडं ना पद्धत असते ना अपील. ही पोरं वाईट नाहीत, माझ्याच भावकीतली आहेत. त्यांना कॅम्पाची गोष्ट कुणी सांगितलेली नाही, एवढंच.

पोलंडचीच पुढची गोष्ट सांगतो. 2022 साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा लाखो माणसं पोलंडात शिरली. पोलंडच्या लोकांनी स्टेशनावर जाऊन त्यांना घरी नेलं. मार्च महिन्यातच तिथल्या संसदेनं खास कायदा केला. दीड वर्ष राहण्याची मुभा, कामाची मुभा, पोरांना शाळा, दवाखाना, सरकारी नंबर. युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली पोरंही पोलंडमार्गे सुखरूप परत आली. त्यात महाराष्ट्रातलीही होती. पण याच पोलंडनं त्याच्या आदल्या साली बेलारूसच्या सीमेवर इराक, सीरिया, अफगाणिस्तानातून आलेल्यांना थंडीत जंगलात परत ढकललं, 2022 साली तिथं पोलादी कुंपण घातलं आणि 2025 मध्ये त्या सीमेवर आसरा मागण्याचा हक्कच तात्पुरता बंद केला. त्यांचं म्हणणं, शेजारचं सरकार मुद्दाम माणसं ढकलतंय. असेलही. पण सैबेरियाच्या थंडीतून सुटलेल्यांचीच ही लेकरं आहेत. सोसलेला माणूस दुसऱ्याचं सोसणं ओळखतो, असं आपण म्हणतो. तो ओळखतो ते बहुधा आपल्यासारख्या दिसणाऱ्याचंच. आपण काही वेगळे आहोत असं मला म्हणता येणार नाही.

एवढं सगळं बघून माझ्या बुद्धीला जे कळलं ते असं. आलेल्याला पहिल्या दिवशी भाकरी आणि छप्पर लागतं. ते गाव देऊ शकतं, आमच्या गावांनी दिलंय. त्यानंतर त्याला कागद लागतो, आणि तो गावाला देता येत नाही, सरकारनंच द्यावा लागतो. राहायचं की जायचं, आणि जायचं तर कधी, हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. सगळ्यांनाच ठेवून घ्या असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला ठाऊक असतं, की विहिरीला जेवढं पाणी तेवढंच रान भिजतं. पण पाणी कुणाला, किती आणि कुठल्या पाळीनं, हे लिहून ठेवलं की भांडण होत नाही. तोंडी ठेवलं की दांडगा घेतो आणि गरीब बांधावर बसतो. देशानं निर्वासितांच्या बाबतीत अजून पाळी लिहून ठेवलेली नाही.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलंडवाल्यांनी 1998 साली आठवणीचा स्तंभ उभारलाय. वॉर्सात तिकडंही वळिवड्याच्या नावाचं स्मारक आहे, 2024 साली आपले पंतप्रधान तिथं फूल वाहून आले. पोलंडहून अधूनमधून पाहुणे येतात, नव्वदीच्या म्हाताऱ्या बाया नातवाचा हात धरून गांधीनगरात आपली बराक शोधतात. बऱ्याच बराकी आता दुकानांच्या मागं दडल्यात. कुणी सिंधी दुकानदार बाहेर येतो, खुर्ची देतो, चहा मागवतो. त्याचाही आजा याच खोलीत पहिल्यांदा टेकला होता.